मका, मास्तर आणि मास्तरीणबाई

वरोऱ्याच्या रेल्वे स्टेशनवर गोरा माणूस उतरला तरी कोणी वळून पाहत नाही. ऑटोवाला "आनंदवन?" एवढंच विचारतो, समोरचा मान हलवतो, की झालं. पन्नाशीच्या दशकात बाबा आमट्यांच्या त्या खडकाळ माळावर सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे देशोदेशीचे स्वयंसेवक येऊन दगडमाती वाहू लागले, तेव्हापासून गावाला ही सवय आहे. वरोऱ्यात स्विस माणूस येतो, जपानी माणूस येतो, चहा पितो, घाम पुसतो, जातो. कुतूहल म्हणाल तर ते पुण्याहून आलेल्या पाहुण्याबद्दल जास्त असतं, कारण तो चहा पिऊन गप्प बसत नाही.

त्यामुळे परदेश ही आपल्याकडे चालत येणारी वस्तू आहे, असा आमच्या गावाचा पक्का समज. आपण उठून तिकडे जाण्याचे प्रकार दोनच: जावयाचा परदेश आणि पोराचा परदेश. जावयाच्या परदेशात बर्फ असतो, मोठी गाडी असते, आणि तो फोटो काढून दाखवावा लागतो. पोराच्या परदेशात जेवणाचे हाल असतात आणि तो फोटो कोणाला दाखवायचा नसतो. दोन्ही ठिकाणी आईवडील सहा महिने राहून येतात आणि पुढची सहा वर्षं टपरीवर सांगतात की तिकडे नळाचं पाणी डायरेक्ट पिता येतं. साहस म्हणायचं तर एवढंच.

म्हणून मला आमचे खानखोजे मास्तर राहून राहून आठवतात. आठवतात म्हणजे मी त्यांना पाहिलेलं नाही. ते १९६७ सालच्या जानेवारीत नागपुरात वारले. पण मास्तर पाहिलेलाच असावा लागतो असं कुठे आहे? मला वर्गात प्रत्यक्ष दिसणारे काही मास्तर होते, ते आता अजिबात आठवत नाहीत.

पांडुरंग सदाशिव खानखोजे. जन्म १८८४ चा, वर्ध्याचा. वर्ध्याहून गाडी निघाली, हिंगणघाट ओलांडलं, की वरोरा. म्हणजे आमच्या हिशेबाने ते आमचेच. विदर्भात मोठा माणूस शंभर किलोमीटरच्या आत जन्मला तर त्याला स्थानिक धरतात. तोच उधारी मागायला आला तर तो परगावचा.

हा मुलगा लोकमान्य टिळकांना भेटला, आणि टिळकांनी त्याला परदेशात जाऊन लष्करी शिक्षण घे असं सांगितलं. आजचे करिअर मार्गदर्शक आयटीआय की पॉलिटेक्निक, यापुढे जात नाहीत. पण टिळकांनी सांगायचं आणि वर्ध्याच्या पोराने ते खरंच करायचं, हा त्या काळातला मोठाच घोटाळा होता. १९०६ च्या सुमारास ते निघाले. त्याच सुमारास इंग्रजांनी आमची वरोऱ्याची कोळशाची खाण बंद केली. ही खाण होती म्हणून तर वर्ध्याहून इथपर्यंत रेल्वे आली होती. आता इथे कोळसा आणि निखारा असं काहीतरी लिहायचा मोह होतोय, पण तो प्रत्येक शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या प्रमुख पाहुण्याला होतो, म्हणून सोडून देतो.

आधी जपान, मग अमेरिका. सान फ्रान्सिस्को तेव्हा भूकंपाने नुकतंच पडलं होतं आणि पुन्हा उभं राहत होतं, म्हणजे मजुरीला तोटा नव्हता. पोट भरायला मिळेल ते काम, आणि शिक्षण म्हणाल तर दुहेरी. एकीकडे माउंट टॅमलपायस नावाच्या लष्करी अकादमीत कवायत, दुसरीकडे शेतीशास्त्र. पुढे वॉशिंग्टन राज्यात पुलमनच्या कॉलेजातून शेतीची पदव्युत्तर पदवी घेतली. त्याच वर्षांत, १९१३ मध्ये, सोहनसिंग भकना आणि लाला हरदयाळ यांच्याबरोबर इंग्रजांविरुद्धच्या गदर पक्षाच्या उभारणीत हे होतेच. एका खिशात बियाणं, दुसऱ्या खिशात बारूद. आमच्याकडे बीएस्सी ॲग्री करणारा मुलगा सोबत एमपीएससीचा क्लास लावतो तरी घरचे म्हणतात, "दोन डगरींवर पाय ठेवू नको रे बाबा."

पहिलं महायुद्ध पेटल्यावर मास्तर अमेरिकेतून युरोप आणि तिथून इराणकडे गेले. बलुचिस्तानच्या बाजूने हिंदुस्थानात शिरून इंग्रजांना धक्का द्यायचा असा बेत होता. क्रांतिकारक सूफी अंबाप्रसाद होते तिथे. टोळ्या होत्या, वाळवंट होतं, वेषांतरं होती. जखमी झाले, पकडले गेले, निसटले. सिनेमात लागतं ते सगळं या भागात आहे, फक्त गाणी नाहीत. बेत फसला. मग बर्लिन. मग १९२१ साली सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्याबरोबर मॉस्को. तिथेही फारसं काही पदरात पडलं नाही. क्रांतिकारकांच्या चरित्रात ही पानं फार रंगवून लिहितात. मला मात्र ती भरभर उलटावीशी वाटतात. जगभर हिंडून, जिवावर बेतून, चाळिशीला आलेल्या एका हुशार माणसाच्या हाती काय उरलं होतं, तर शेतीची पदवी.

आणि इथून खरी गंमत सुरू होते. १९२४ साली ते मेक्सिकोला गेले.

"मेक्सिकोतच काहून?" हा प्रश्न आमच्या टपरीवर हमखास येतो. उत्तर असं की अमेरिकेत शेतावर राबताना त्यांची मेक्सिकन मजुरांशी दोस्ती जमली होती. १९१० च्या क्रांतीनंतर तिकडे जमीन कसणाऱ्याला जमीन मिळावी म्हणून उलथापालथ चालली होती. ज्या क्रांतीच्या शोधात हा माणूस अर्धं जग फिरला, ती तिकडे आधीच होऊन गेली होती. आता पुढचं काम, म्हणजे जमीन मिळालेल्या माणसाला ती नीट कसायला शिकवणं, तेवढं बाकी होतं. क्रांती करायला पुष्कळ जण येतात. नंतर पेरायला कोणी थांबत नाही.

चापिंगो नावाच्या गावी एका जुन्या जमीनदाराच्या वाड्यात सरकारने राष्ट्रीय कृषी विद्यालय नेलं होतं. तिथे आमचे मास्तर प्राध्यापक झाले. त्या शाळेचं ब्रीद अजून प्रसिद्ध आहे: जमिनीचं शोषण शिकवा, माणसाचं नव्हे. (जमिनीचं तरी कशाला, असं आज कोणी विचारेल, पण १९२४ साली युरियाच्या गोणीसाठी रांग लागत नव्हती.) आणि शिकवायचं काय, तर मका! मेक्सिकोच्या माणसाला मका शिकवायला जाणं म्हणजे वरोऱ्याच्या माणसाला ऊन समजावून सांगण्यासारखं. मका जन्मालाच तिथे आला. साधारण नऊ हजार वर्षांपूर्वी तिथल्याच माणसांनी तेओसिंते नावाच्या रानगवतापासून तो घडवला. तेओसिंतेचं कणीस बोटाएवढं, त्यात जेमतेम डझनभर दाणे, तेही दगडासारख्या कवचात. त्याचं आजचं गुबगुबीत कणीस व्हायला शेकडो पिढ्यांच्या बायकामाणसांनी दरवर्षी बरं दिसलं ते कणीस बाजूला ठेवलं. अशा लोकांपुढे वर्ध्याचा माणूस, परक्या उच्चाराच्या स्पॅनिशमध्ये, "हां तर मंडळी, आज आपण मक्याविषयी बोलू" म्हणून उभा राहतो, याला मी बलुचिस्तानपेक्षा मोठं धाडस समजतो.

पण मास्तर वस्ताद होते. त्यांनी मका शिकवताना त्याच्या त्या रानटी पूर्वजालाच परत वर्गात बोलावलं. तेओसिंते आणि मका यांच्या संकरावर त्यांनी काम केलं. कडाका आणि दुष्काळ सोसणारी वाणं शोधली, गहू आणि डाळींवर प्रयोग केले. नुसतं विद्यालयात शिकवून भागेना म्हणून खेड्यापाड्यात शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा काढल्या. त्यातल्या एकीला एमिलियानो सापाताचं नाव होतं. सापाता म्हणजे तिकडचा शेतकऱ्यांचा बंडखोर पुढारी, १९१९ मध्ये दग्याने मारला गेलेला. या शाळांचे आणि मास्तरांचे फोटो टीना मोदोत्तीने काढले. ती जगातल्या नावाजलेल्या छायाचित्रकारांपैकी एक. आणि तिने कॅमेरा लावला तो कणसांवर आणि कणसांच्या मास्तरांवर. आमच्याकडे कृषी अधिकारी शिवारात आले तर फोटो निघतो खरा, पण त्यात अधिकारी मधोमध, सरपंच बाजूला, आणि पीक मागे कुठेतरी अस्पष्ट.

दिएगो रिवेराशीही मास्तरांची ओळख झाली. हा चित्रकार त्याच सुमारास चापिंगोतल्या जुन्या देवळाच्या भिंती रंगवत होता. पुढे १९२८ साली मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत त्याने ‘आमची रोजची भाकर’ या अर्थाच्या नावाचं भित्तिचित्र काढलं. एक साधं टेबल, भोवती कामकरी, शेतकरी, मुलं, आणि मधोमध बसून भाकर मोडून वाटणारा माणूस. तो मधला माणूस म्हणजे आमचे खानखोजे मास्तर. एका परक्या देशाने आपल्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर वर्ध्याच्या माणसाला यजमान म्हणून बसवला आहे. आपल्याकडे शाळेच्या भिंतीवर काय रंगवतात ते आठवून पाहा: ‘शिस्त पाळा’, आणि त्याखाली ‘येथे थुंकू नये’.

हे झालं एकट्याचं. आता मास्तरीणबाई.

१९३६ साली मास्तरांनी लग्न केलं. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. बायको बेल्जियमची, नाव जान अलेक्झांड्रीन सिंडिक. वर्ध्याचा वर, बेल्जियमची वधू, संसार मेक्सिकोत. हे स्थळ कुठल्याही सूचक मंडळात जमलं नसतं. फॉर्म भरतानाच प्रश्न आले असते. मुलाचा व्यवसाय: मका. पूर्वीचा अनुभव: लष्करी अकादमी, गदर, वाळवंट. मूळ गावी जाणं-येणं: नाही, कारण तिथलं सरकार पकडेल. पगार: मेक्सिकन. अपेक्षा: काही नाही. आमच्याकडच्या मावश्या एवढं वाचून म्हणाल्या असत्या, "पोरगा चांगला हाय बाप्पा, पण जरा फिरस्ता वाटते."

आणि ती बाई हो म्हणाली. मास्तरांच्या आयुष्यात क्रांतिकारक पुष्कळ येऊन गेले, पण मला वाटतं सगळ्यांत पुढे उडी घेतली ती या बाईंनी. मास्तरांना निदान टिळकांनी सांगितलं होतं. बाईंना कोणी सांगितलं होतं? दोन मुली झाल्या. त्यातल्या एकीचं नाव सावित्री. मेक्सिकोत जन्मलेल्या, बेल्जियन आईच्या मुलीला भर दुपारी अंगणात "सावित्री!" म्हणून हाक मारली जाते, हे दृश्य डोळ्यापुढे आणलं की मला फार बरं वाटतं. याच सावित्रीबाई साहनींनी पुढे वडिलांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. मराठीत वीणा गवाणकरांनी लिहिलं. ज्यांना वाळवंटाची पानं भरभर उलटायची नसतील त्यांनी ती तिथे सावकाश वाचावीत.

देश स्वतंत्र झाला. आता परत जायचं. पण इंग्रजांनी एक काळी यादी करून ठेवली होती. इंग्रज गेले, जाताना खुर्च्या-टेबलं ठेवून गेले, तशी यादीही ठेवून गेले. ज्याने इंग्रजांविरुद्ध लढण्यात निम्मं आयुष्य घालवलं, त्याच्या येण्याला स्वतंत्र हिंदुस्थानात त्याच कागदाने अडथळा आला. यात मला कोणा एका कारकुनाचा दोष दिसत नाही. त्याने आपलं काम केलं. देश बदलला, फाईल बदलली नव्हती. आणि कारकुनाने फाईलकडे पाहायचं असतं, खिडकीबाहेर नाही. शेवटी वरच्या पातळीवरून गाठ सुटली. १९५५ च्या सुमारास खानखोजे कुटुंब नागपुरात राहायला आलं.

मी इथे थांबतो आणि बाईंकडे पाहतो. चापिंगो समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहे. तिथला मे महिना म्हणजे आपल्याकडचा डिसेंबर दुपारी बाहेर पडला तर जसा वाटेल तसा. त्याआधीचं माहेर बेल्जियम, जिथे सूर्य हा अधूनमधून येणारा पाहुणा. आणि आता नागपूर! पारा पंचेचाळिशीला टेकतो तिथे. (आमचा चंद्रपूर जिल्हा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसपर्यंत जातो, पण आम्ही त्याचा गर्व करत नाही. फक्त नागपूरवाल्यांना सांगतो.) ज्या माणसाने तुला आयुष्यभर आपल्या देशाच्या आठवणी सांगितल्या, त्याने वाळ्याच्या ताट्या, उकळता रस्ता आणि दुपारी बारा ते पाच गावभर पसरणारी ती शांतता यांचा उल्लेख नेमका कधी केला असेल? माझा अंदाज, गाडी नागपूरच्या फलाटावर लागताना.

टपरीवर मी हे सांगितलं तेव्हा चहावाला पातेलं खाली ठेवून म्हणाला, "मे महिन्यात राह्यली ते बाई नागपुरात? कूलर नसताना?"

मी म्हटलं, तेव्हा कूलर कुठला?

"मंग त्या मास्तरचं सांगू नका आता. बाईचंच सांगा."

तर बाईंचंच सांगतो. नागपुरातल्या शेजारणींनी या गोऱ्या सुनेला पहिल्यांदा जेवायला बोलावताना काय बेत केला असेल, ते वैदर्भी माणूस डोळे मिटून सांगेल. तर्रीची वाटी, वर लाल तवंग, आणि "जरासंच तिखट आहे" हे वाक्य. मग सगळ्या जणी पदर सावरून पाहत बसल्या असतील, आता हिच्या डोळ्यांतून पाणी येईल, आता ही पाणी मागेल. पण बाई इतकी वर्षं मेक्सिकोत राहिलेली! जिथली मिरची, तिथेच तिने संसार केला. भिवापुरी मिरचीचा तोरा नागपूरवाल्यांपुढे ठीक आहे; ती ज्या घराण्यातून आली त्या घराण्याची आजी बाईंच्या ओळखीची. मला खात्री आहे की त्या दुपारी निदान एक तरी शेजारीण निराश होऊन घरी गेली.

हे फक्त मिरचीपुरतं नाही. आमच्या आठवडी बाजारात पिशवी घेऊन फिरा. मिरची मेक्सिकोकडची. मका तिकडचा. टमाटर तिकडूनच. लाल भोपळा तिकडचा. पेरू आणि सीताफळ अमेरिका खंडातूनच आलेले. पोर्तुगीजांच्या जहाजांतून यातलं बरंच काही गोव्याला उतरलं आणि चालत चालत वरोऱ्याला पोचलं. फुलवाल्याकडे वळलात तर निशिगंध तिकडचा. आणि झेंडू! दसऱ्याला ज्याचं तोरण लागल्याशिवाय घर घरासारखं वाटत नाही, तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिकडे ते लोक दरवर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेलेल्या माणसांची वाट पाहत दारात झेंडू पसरतात. आपण लक्ष्मीची वाट पाहत दारात टांगतो. फूल दोन्हीकडे तितक्याच आज्ञाधारकपणे फुलतं.

एवढं सगळं चारशे-पाचशे वर्षं उधारीवर चाललं होतं. आणि परतफेड म्हणून आपल्याकडून काय गेलं? माझ्या माहितीत, एक मास्तर. तोही आपण पाठवलेला नाही, इंग्रजांच्या भीतीने तिकडे गेलेला. आणि तोही म्हातारपणी परत घेतला.

शिवाय खातं तिथे मिटलं नाही. १९६६ साली देशात धान्याची ओढ होती तेव्हा सरकारने मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचं बियाणं आणलं, लेर्मा रोखो आणि सोनोरा चौसष्ट. नॉर्मन बोरलॉग यांनी तिकडे तयार केलेली ही बुटकी वाणं. पंजाबात ती पेरली गेली आणि हरितक्रांती झाली, हे दहावीच्या पुस्तकात असतं. त्या वर्षी नागपुरात ऐंशी ओलांडलेला एक गृहस्थ राहत होता, जो त्याच मेक्सिकोत चाळीस वर्षांपूर्वी गहू आणि मका शिकवत होता. वर्तमानपत्र उघडून "मेक्सिकन गहू आला" ही बातमी वाचताना त्याच्या घरातल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं असेल, आणि बाकीच्या गल्लीने भाव काय लागेल ते विचारलं असेल.

२०२२ साली लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला मेक्सिकोला गेले आणि चापिंगोला खानखोज्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. त्या दिवशी मी हे मोठ्या उत्साहाने कृषी शिकणाऱ्या एका ओळखीच्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "वर्ध्याचे आहेत का? कोणत्या पक्षाचे?" मी म्हटलं, गदर पक्षाचे. "तो कोणासोबत युतीत आहे?"

मग मी बाजारात गेलो. मिरचीवालीपुढे उकिडवा बसलो आणि तिला, ज्ञान अंगात मावत नसल्यामुळे, सगळं सांगून टाकलं: ही मिरची मुळात आपली नाही, मेक्सिकोची आहे, आणि आपल्या वर्ध्याचे एक मास्तर होते, त्यांची बायको बेल्जियमची. तिने तराजूचं पारडं सारखं केलं, दोन मिरच्या काढून घेतल्या आणि म्हणाली, "ओ भाऊ, हे भिवापूरची हाय. मेक्सिकोची पाह्यजे असन तं त्या तिकडच्या बाईपाशी जा, तिच्याजोळ सगळं बाहेरचं राह्यते."